लहान मुलांना घेऊन कोकण किनाऱ्यावर राहायला जायचं का? ठरवण्याआधी काय काय तपासावं

आमचा पहिला पावसाळा. जुलैचा तिसरा आठवडा. पावसामुळे शाळेला सुट्टी होती, म्हणून मुलीचं दप्तर चार दिवस खुंटीवरच होतं. पाचव्या दिवशी काढलं तर पट्ट्यांवर हिरवट बुरशी चढलेली आणि आत वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली. मुलगी रडायला लागली. तिला जवळ घेताना मनात आलं, हे आपल्याला डिसेंबरात कुणी का नाही सांगितलं?

सांगितलं होतं. घर बघायला आलो तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "गणपतीपर्यंत राहून बघा, मग काय ते ठरवा." आम्ही ते हसण्यावारी नेलं होतं.

2019 च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात आलो. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा दीड वर्षाचा. आजही इथेच आहोत आणि परत जायचा विचार नाही. पण बऱ्याच गोष्टी आम्ही उलट्या क्रमाने केल्या आणि त्याची किंमत मोजली. बहुतेक लोक आधी जमीन बघतात, मग घर, मग शाळा, आणि दवाखान्याचा विचार मूल आजारी पडल्यावर करतात. माझं सांगणं आहे की हा क्रम पूर्ण उलटा करा. घरात दहा वर्षांखालची मुलं असतील तर खालच्या पायऱ्या याच क्रमाने चढा. निवृत्तीनंतर येणाऱ्यांचं किंवा सुट्टीपुरतं घर घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे धरलेलं नाही.

1. का जायचंय ते दोघांनी वेगवेगळं लिहा

नवरा-बायकोने एकमेकांना न दाखवता तीन-तीन कारणं लिहायची. आम्ही हे फार उशिरा केलं. नवऱ्याने लिहिलं होतं "गर्दी आणि ट्रॅफिक नको", मी लिहिलं होतं "मुलांना अंगण हवं, घरी यायला मोकळी माणसं हवीत". दोघांच्याही कागदावर समुद्र नव्हता!

तुमचंही तसंच निघालं तर किनारा सोडून आठ-दहा किलोमीटर आत बघा. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीच्या आसपासच्या गावांत अंगण मिळतं, आंब्या-फणसाची सावली मिळते, विहिरीचं पाणी गोडं असतं, लोखंड एवढं गंजत नाही आणि डॉक्टर जवळ असतो. समुद्र रविवारी गाठता येतो. रोज संध्याकाळी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, जायचंच आहे, असं दोघांनाही मनापासून वाटत असेल तरच पुढे किनाऱ्याचा हट्ट धरा.

2. दवाखाना किती मिनिटांवर आहे ते मोजा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

ऑगस्टातली रात्र होती. धाकट्याला तापात झटका आला. रात्रीचे दोन वाजलेले, वीज गेलेली, मोबाइलला एक कांडी रेंज. गाडी काढली आणि दोन वळणं जाताच रस्त्यावर आडवं पडलेलं आंब्याचं झाड. वाडीतली चार माणसं कोयते आणि करवत घेऊन आली, त्यांनी फांद्या तोडून वाट केली. गुहागरपासून चिपळूण साधारण 45 किलोमीटर. नकाशा सव्वा तास दाखवतो. आम्हाला अडीच तास लागले. मुलगा वाटेतच शुद्धीवर आला होता, तपासणीत सगळं ठीक निघालं. पण त्या अडीच तासांत मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होते, की हे अंतर आपण आधी एकदाही रात्री पावसात गाडी चालवून का नाही बघितलं.

तुम्ही बघा. निवडलेल्या गावातून तीन ठिकाणांपर्यंत गाडीने जाऊन घड्याळ लावा: प्राथमिक आरोग्य केंद्र, चोवीस तास बालरोगतज्ज्ञ मिळेल असा दवाखाना, आणि लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेलं मोठं रुग्णालय. एकदा दिवसा जा, एकदा रात्री पावसात. चिपळूण-गुहागरच्या लोकांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय गाठता येतं. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे. सिंधुदुर्गातली माणसं गंभीर आजारात गोव्याला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जातात. उत्तर कोकणातल्यांना मुंबई-पनवेल. वरच्या उपचारासाठी घाट चढायचा असेल तर दुसरी वाटही हाताशी ठेवा, कारण पावसाळ्यात कुंभार्ली किंवा वरंधा घाटात दरड आली की तो रस्ता संपला. 22 जुलै 2021 ला चिपळूण शहरच पुराखाली गेलं. ज्या शहराच्या भरवशावर आपण खेड्यात राहतो ते शहरच पाण्यात जाऊ शकतं, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

आरोग्य केंद्रात जाऊन थेट विचारा: सर्पदंशाची लस आत्ता शिल्लक आहे का? रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का? 108 ची गाडी कुठे उभी असते? असं विचारणं उद्धटपणाचं नाही, तिथल्या सिस्टर नीट उत्तरं देतात.

कोकणात फुरसं हा विषारी साप जागोजाग आहे. जांभ्या दगडाच्या गडग्यात (रचलेल्या कुंपणात), लाकडांच्या ढिगाऱ्यात, पाचोळ्याखाली ते बसतं. घोणस, मण्यार, नागही आहेत. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला भाग न हलवता मुलाला उचलून थेट दवाखाना गाठायचा. लाल विंचू लहान मुलांसाठी जिवावरचा ठरू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज उपचार आहे, प्रश्न वेळेत पोचण्याचा आहे. म्हणून मिनिटं मोजायची. घरात सवय लावा: चप्पल-बूट झटकून घालायचे, अंधारात बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही, गडग्यात हात घालायचा नाही. आमच्या धाकट्याला बाराखडीच्या आधी हे पाठ झालं.

पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, साथ असते, त्यामुळे पायाला जखम असेल तर चिखलात नाही. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात जाणार असाल तर माकडतापाबद्दल (गोचिडीतून होणारा ताप) आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेला, विचारून घ्या. लसीकरणाची मात्र काळजी नको. उपकेंद्रावर ठरलेल्या दिवशी लस मिळते आणि तुम्ही विसरलात तर आशाताई दारात येतात.

तुमच्या मुलाला दमा असेल, वारंवार झटके येत असतील, बोलण्याचे किंवा इतर विकासाचे उपचार नियमित चालू असतील, तर मी स्पष्टच सांगते: तालुक्याच्या गावापासून लांब जाऊ नका. बुरशी आणि दमट हवा दम्याला वाईट, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ खेड्यात मिळत नाहीत.

3. शाळा: आजची नको, पाच वर्षांनंतरची बघा

पहिली ते चौथीसाठी वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा छान असू शकते. आमच्या मुलीच्या वर्गात तिच्यासकट तीन मुलं होती. गुरुजींना प्रत्येकाचं अक्षर ओळखता यायचं. पण एकाच खोलीत तीन इयत्ता आणि दोन शिक्षक हेही आलंच. एका शिक्षकाची बदली झाली की अर्धी शाळा गेली. पट कमी असेल तर शाळा किती वर्षं चालेल, हे ग्रामपंचायतीत आणि शिक्षकांना दोन्हीकडे विचारा.

पाचवीनंतर, आठवीनंतर, दहावीनंतर मूल कुठे जाईल ते कागदावर लिहा. इंग्रजी माध्यम हवं असेल तर व्हॅन कुठून सुटते, किती वाजता, आणि ओढ्याला पाणी आल्यावर ती येते का? दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे वर असतो, त्यामुळे "खेड्यात अभ्यास होत नाही" ही भीती मनातून काढून टाका. पोहण्याचा तलाव, तबल्याचा क्लास, ग्रंथालय यांचा अभाव मात्र खरा आहे. तो तुम्ही घरून भरून काढणार का, हा प्रश्न आहे.

4. पाणी, वीज, गंज

विहीर बघायची तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट, आणि तरीही एप्रिल-मे मध्ये कित्येक वाड्यांत टँकर येतो. जांभा पाणी धरत नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, पडलेलं पाणी उतारावरून खाडीला आणि समुद्राला मिळतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. पाणी चाखून बघा, त्या पाण्यात डाळ शिजवून बघा आणि नमुना तपासायला द्या. शेजारणीला विचारा, "मे मध्ये कपडे कुठे धुता?" या एका प्रश्नात खरी माहिती मिळते.

वीज जाणारच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माडा-पोफळीच्या पिढ्यान् पिढ्यांच्या बागा झोपल्या. पुढच्याच मे मध्ये तौक्ते आलं. घरून काम करणार असाल तर इन्व्हर्टर, दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट आणि "दोन दिवस संपर्कात नसेन" हे मान्य करणारा साहेब, तिन्ही हवेत. नोकरी पूर्णपणे घरूनच राहील हे लेखी घ्या. आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांना कंपनीने ऑफिसात परत बोलावलं म्हणून गाशा गुंडाळावा लागला.

खर्च कमी होतो का? भाडं आणि भाजीपाला यांत होतो. पेट्रोल, औषधपाणी, वर्षातून चार वेळा पुण्या-मुंबईची खेप आणि दुरुस्ती यांत परत जातो. खारा वारा लोखंड खातो. आमच्या फ्रीजचा तळ दोन वर्षांत गंजला, शेगडीचं तेच झालं, आणि खिडक्यांच्या गजांना दर वर्षी पावसाआधी रंग द्यावा लागतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच निघा.

5. भाड्याने एक पावसाळा काढा

वरच्या पायऱ्यांत गाव टिकलं, तर आता जा. जून लागायच्या आधी पोचा आणि गणपतीपर्यंत राहा. शहरातलं घर सोडू नका, विकू नका. मुलीची शाळा बुडते म्हणून बरेच जण दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस राहून बघतात. त्याने काहीच कळत नाही. दिवाळीत कोकण सगळ्यांनाच आवडतं.

घर मिळवताना ओळख लागते. निम्म्या घरांना कुलूप असतं, कारण मालक चाकरमानी. पण गणपतीत आणि शिमग्याला ते घरी येणारच, तेव्हा तुम्ही कुठे राहणार हे आधी बोलून घ्या आणि अकरा महिन्यांचा करार करा. घर बघताना पडवीत उभं राहून वारा कुठून येतो ते विचारा. नैर्ऋत्येकडे मोकळी पडवी असेल तर झडीचं पाणी थेट ओटीवर येतं. तिथे झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री कोण बांधणार, तेही ठरवा. घरावर कललेला माड असेल तर तो आधी उतरवून घ्यायला सांगा.

मे अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी असते: तांदूळ, कडधान्यं, मसाला, सुकी मासळी, सरपण, मेणबत्त्या. ती शेजारणीबरोबर करा. काय लागतं ते त्यांना माहीत असतं, आणि ओळखीही तिथेच होतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे "रोज ताजे मासे" हे स्वप्न पहिल्याच महिन्यात सुकटीवर येतं. भाजी घाटावरून येते, घाट बंद असेल त्या दिवशी येत नाही.

बुरशीचे उपाय शेजारणींनीच शिकवले. कपाटात कमी वॉटचा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवायचा. वह्या-पुस्तकं पत्र्याच्या पेटीत, वर कापराच्या वड्या. चामड्याच्या वस्तू आणायच्याच नाहीत. कपडे वाळवायला चुलीवर किंवा शेगडीवर बांबूची दांडी. मुलांचे गणवेश तीन हवेत, दोन पुरत नाहीत.

या तीन महिन्यांत एक वही ठेवा आणि रोज रात्री फक्त तीन गोष्टी लिहा: आज वीज किती तास गेली, मुलं कुणाशी खेळली, आणि आपण दोघं एकमेकांवर किती चिडलो. शेवटचं प्रामाणिकपणे लिहा. सलग नऊ दिवस सूर्य दिसत नाही, समुद्राची गाज रात्रंदिवस थांबत नाही, आई-बाबा लांब असतात, आणि मुलं घरात कोंडलेली. बाईमाणसाला हा एकटेपणा जास्त जाचतो, कारण नवऱ्याचं काम स्क्रीनवर चालूच असतं. पहिल्या श्रावणात मी दोनदा बॅग भरली होती. दुसऱ्यांदा वहिनी अळूची पानं घेऊन आल्या, पातवड्या कशा वळायच्या ते दाखवत बसल्या, आणि बॅग तशीच राहिली.

6. मुलांना समुद्र शिकवा, स्वतः आधी शिका

किनाऱ्यावर वाढलेली मुलं समुद्राला भितात. आपली शहरी मुलं त्याकडे धावतात. गणपतीपुळ्यासारख्या दिसायला शांत किनाऱ्यावरही दर वर्षी माणसं बुडतात, बहुतेक बाहेरून आलेली. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालायचा नाही, हा नियम घरात कुणीही मोडायचा नाही, पाहुण्यांनीसुद्धा. एरवी मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघायला, मोबाइल घरी. ज्या जागी लाटा फुटत नाहीत आणि पाणी गढूळ होऊन आत जाताना दिसतं, तिथे ओढ असते. नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं.

भरती-ओहोटी काढायची जुनी रीत आमच्या गावातल्या एका खलाशी काकांनी मुलीला शिकवली. तिथीची पाऊणपट करायची. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. काकांनी वाळूत काठीने आकडे मांडले, मुलीने घरी येऊन कॅलेंडर काढलं आणि महिनाभराचा तक्ता करून भिंतीला लावला. पाऊणकीचा पाढा तिला शाळेत कुणी शिकवला नसता. आता शंख-शिंपले वेचायला कधी जायचं हे घरात तीच सांगते.

7. गाव

ग्रामपंचायत, शाळा समिती, देवळाचे मानकरी यांना येऊन भेटा. चार पिढ्या एकत्र राहिलेल्या वाडीत तुम्ही नवे आहात, तेव्हा पहिलं वर्षभर ऐका जास्त, सुचवा कमी. शिमग्याला पालखी दारात येते, अंगण सारवून तयार राहा. लग्नाला, मयताला, दोन्हीला जा. मुलं महिन्याभरात बोली उचलतील. "शुद्ध बोल" म्हणून त्यांना टोकू नका, मैत्री त्याच बोलीत होते.

8. जमीन सगळ्यात शेवटी

किमान एक पावसाळा झाल्याशिवाय इसार देऊ नका, एजंट कितीही घाई करो.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 त्याबद्दल आहे. तुमच्या नावावर कुठेही सातबारा नसेल तर बिनशेती प्लॉट किंवा गावठाणातलं घर हेच बघा. कोकणातला सातबारा म्हणजे बहुतेकदा सामाईक: पंचवीस नावं, त्यातले निम्मे वारलेले, उरलेले मुंबई-सुरतेला. एकाने सही केली म्हणजे व्यवहार झाला नाही. सगळे वारस लागले पाहिजेत. इतर हक्कांचा रकाना वाचा, कूळ किंवा बोजा तिथे दिसतो. जुने फेरफार काढा. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं आणि आंब्याची झाडं तिसऱ्याची असंही इथे असतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही.

समुद्र दिसणारा प्लॉट असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी नियम, तपासा. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना विकास क्षेत्र आहे. दाट वस्तीच्या गावांसाठी तो 50 मीटर ठरवला आहे. खाडीकाठालाही नियम लागू होतात. "इथे सगळे बांधतात" या उत्तरावर पैसे देऊ नका, मंजूर नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते बघा. सरकारी मोजणी करून घ्या. आणि वाट बघा: पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) चालत जाता येणं वेगळं, रुग्णवाहिका दारापर्यंत येणं वेगळं. वाटेचा हक्क कागदावर नसेल तर तो नाही असंच समजा. वकील स्थानिक घ्या, पण विकणाऱ्याने सुचवलेला नको.

9. निर्णयाचा दिवस

गणपती गेल्यावर, पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आत बसा. वही उघडा. पहिल्या पायरीवरचे दोन्ही कागद शेजारी ठेवा. मुलांनाही विचारा, पण "इथे आवडतं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्या दिवशी काय खाल्लं त्यावर ठरतं. "पुण्यातलं काय हवंय?" असं विचारा. आमची मुलगी म्हणाली होती, "आजी आणि लिफ्ट." आजीसाठी आम्ही दर दोन महिन्यांची खेप ठरवली. ती आजवर चुकवलेली नाही. दोघांपैकी एकाचाही नकार असेल तर तो नकार धरा, एक वर्ष थांबा, पुन्हा एक पावसाळा बघा. होकार असेल तर शाळा सोडल्याचे दाखले वर्षअखेरीस घ्या, लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखल्याच्या चार प्रती हातातल्या पिशवीत ठेवा आणि सामान एप्रिलमध्ये हलवा, म्हणजे पावसाआधी दीड महिना घर लावायला मिळतो. प्लायवूडची कपाटं आणू नका, दोन पावसाळ्यांत फुगतात. लाकडी पेट्या, प्लास्टिकचे झाकणबंद डबे, चांगल्या रबराच्या तीन जोडी चपला आणि प्रत्येकाला एक स्वतःची बॅटरी आणा.